फेकल्याशिवाय घडी नाही

आमच्याकडे नव्याने आलेला प्रत्येक पायलट पहिल्या आठवड्यात माझी तक्रार करतो. ही बाई तासभर आकड्याला लटकवून ठेवते, वर ओरडते, आणि रिझर्व्ह पॅक करून मागायला गेलं की आधी फेकून दाखवायला लावते. माझे बाबा म्हणजे या पॅराग्लायडिंग शाळेचे मालक. ते तक्रार शांतपणे ऐकून घेतात आणि सांगतात, "हिच्या आत्याच्या तावडीत सापडला नाहीत, हे नशीब समजा." त्यात खोटं काही नाही. मी निदान ओरडते तरी. आत्या ओरडायची नाही. ती चष्म्यावरून नुसती बघायची आणि चांगली दांडगी, मिशीवाली माणसं मुकाट्याने हार्नेस चढवायची.

उडणारी माणसं तुम्ही लांबून पाहिली असतील तर तुम्हाला वरची मोठी रंगीत विंगच दिसली असणार. सगळ्यांना तीच दिसते. पण पायलट ज्यात बसतो त्या हार्नेसला, बसायच्या जागेखाली, एक घट्ट मिटलेला खिसा असतो आणि त्यात घडी घातलेली दुसरी छत्री असते. तीच रिझर्व्ह. वरची विंग हवेत मिटली किंवा गुंतली आणि सावरेना, तर कमरेजवळची लाल दांडी धरायची, खिशातली छत्री पिशवीसकट उपसून काढायची आणि मोकळ्या हवेत जोर लावून भिरकावायची. त्यानंतर तिसरी छत्री नसते. आत्या विंगला थोरली म्हणायची आणि रिझर्व्हला धाकटी. थोरली मिरवते, निस्तरते धाकटी, असं तिचं मत होतं. घरात ती स्वतः थोरली आणि आयुष्यभर निस्तरलं तिनेच, हे कोणी दाखवून दिलं की म्हणायची, "म्हणून तर मला फरक कळतो."

तिची आई गेली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि बाबा सहा. आजोबा बोलायचे कमी आणि घरी असायचे त्याहून कमी. आत्याने शाळा सोडली आणि तंबू शिवायच्या कारखान्यात लागली. जाड कापड, जाड सुई, उभ्याने आठ तास. लग्न झालं ते दोन वर्षं टिकलं. नवऱ्याने एक दिवस विचारलं, "तुला कारखाना पाहिजे की मी?" आत्या म्हणाली, "कारखान्याला निदान रविवारी सुट्टी असते." मग तिने शिलाईची कात्री, दोन साड्या आणि सहामाही परीक्षेत नापास झालेला भाऊ एवढं बरोबर घेतलं आणि एका खोलीत राहायला गेली. ही हकिगत सांगताना तिचा आवाज कधी ओला झालेला मी ऐकला नाही. कात्री चांगली होती, एवढंच म्हणायची.

बाबांना उडायचं वेड लागलं ते पंचविशीत. कुणाकडून तरी जुनं सामान आणलं आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावरून उड्या मारायला लागले. एकदा आत्याने ते सामान घरात पसरलेलं पाहिलं. तंबूवालीचीच नजर ती. विंगची शिवण तपासून झाली, पट्टे झाले, मग ती खिशाशी थांबली.

"ही कधी उघडली होतीस?"

"ती कशाला उघडायची, ताई? ती वापरलीच नाही कधी."

"न वापरलेलीच उघडून बघायची असते. वापरलेली तर उघडलेलीच असते ना."

आणि तिने खिसा उघडला. आतली छत्री सहा वर्षं बंद होती. पिशवीवरचे रबर चिकट होऊन दोऱ्यांना लागले होते, कापडाचे पदर एकमेकांना धरून बसून त्याची पार वीट झाली होती. आत्याने ती वीट जशीच्या तशी उचलली आणि जोर लावून भिंतीवर आपटली. छत्री उलगडली नाही. विटेसारखीच खाली पडली. बाबा सांगतात, त्या दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि आत्याने त्यांच्या पाठीत जो धपाटा घातला तो त्यांना अजून लागतो.

तिथून ती या कामाला लागली. माहितीपुस्तक परक्या भाषेत होतं. तिने चित्रं पाहून पदर मोजले, बोटांनी दोऱ्या मोजल्या, घडी घातली, फेकली, परत घातली. पुढे रिझर्व्हच्या घडीची रीतसर परीक्षा द्यायची वेळ आली तेव्हा परीक्षक म्हणाले की बाई, तुम्ही उडत नाही, तुम्हाला कसं बसू देणार? आत्या म्हणाली, "कुठं लिहिलंय ते दाखवा." त्यांनी नियमांची फाईल मागवली, उलटली, पालटली. कुठेच लिहिलं नव्हतं. आत्या बसली आणि पास झाली. पण 'कुठं लिहिलंय' हे तिचं हत्यार झालं ते कायमचं. वीज कापायला आलेल्या माणसापासून शेजारच्या बागेचं कुंपण आमच्या हद्दीत सरकवणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांवर तिने ते चालवलं.

ती स्वतः मात्र कधीच उडाली नाही. पायलट चिडवायचे, आत्या, एकदा चला तरी. ती म्हणायची, "मी वर गेले तर खाली तुमच्यावर डोळा कोण ठेवणार?"

पुढे बाबांनी उडायची शाळा काढली, ती वाढली तशी आत्याला स्वतंत्र खोली मिळाली. तीच खोली आज माझ्याकडे आहे. मधोमध चौदा हात लांबीचं गुळगुळीत टेबल. खिडकीला जाड पडदा, कारण उन्हाने कापड मरतं. भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारं घड्याळाएवढं यंत्र. त्याचा काटा लाल रेघेपलीकडे गेला की आत्या टेबल झाकायची आणि कोणी कितीही गयावया केली तरी घडीला हात लावायची नाही. तुळईला एक मोठा लोखंडी आकडा. आणि एका डब्यात तेरा चिमटे, प्रत्येकाला हातभर लाल फीत. कापडाचे पदर धरून ठेवायला चिमटे लावायचे, आणि घडी झाली की डब्यात तेरा मोजल्याशिवाय चहासुद्धा प्यायचा नाही. आत राहिलेला एक चिमटा छत्रीची पिशवी करतो, ती उघडतच नाही. एकदा बारा भरले. आत्याने त्या दिवशीच्या तिन्ही घड्या उलगडल्या. तेरावा चिमटा तिच्या स्वतःच्या पदराला निघाला. आम्ही हसलो. ती नाही हसली, तिन्ही घड्या नव्याने घालायला बसली.

आणि तिची ती प्रसिद्ध अट. वर्षातून दोनदा प्रत्येक पायलटने आपलं हार्नेस घालून त्या आकड्याला लटकायचं, आत्या त्याला धरून गरागरा फिरवणार, आणि डोकं फिरत असताना त्याने दांडी शोधून आपली धाकटी फेकायची. मगच ती घडी घालणार. शिंप्याच्या खडूने तिने भिंतीवर लिहूनच ठेवलं होतं: फेकल्याशिवाय घडी नाही. कोणी हुज्जत घालायला लागला, की असं कुठं लिहिलंय, तर ती बोट दाखवायची. "हे काय, इथं."

घडी खिशात बसली, खिसा बंद ठेवणाऱ्या पिना सरकवल्या की शेवटी ती पिनेवर बारीक लाल दोऱ्याची एक गाठ मारायची. धक्क्याने सहज तुटेल अशी. गाठ शाबूत म्हणजे तिच्यानंतर कोणी आत हात घातलेला नाही. आमच्या पायलटांना त्या गाठीची इतकी सवय की सकाळी हार्नेस उचलताना अंगठ्याने ती चाचपल्याशिवाय एकही जण डोंगर चढायचा नाही.

सगळ्यात जास्त कुरकुर एकाची, त्यांना आम्ही मिशीवालेच म्हणायचो. आमचे सर्वांत जुने पायलट, हजारो उड्डाणं झालेले. दर खेपेला म्हणायचे, "मला काय शाळेतलं पोर समजता का, आत्या?" आत्या त्यांना दोन फेरे जास्त फिरवायची. आणि एका दुपारी त्यांचीच विंग हवेत मिटली, दोऱ्यांत गुंतली आणि त्यांना मळसूत्रासारखी फिरवायला लागली. धाकटी उघडली. ते झाडीत उतरले, पँट फाटून, ओरखडे घेऊन, जिवंत. तासाभराने लंगडत खोलीत आले आणि बाकावर बसले.

"आत्या, मी काही विचारच केला नाही. हात आपोआप गेला बघा."

"आपोआप? सात वर्षं कुरकुर ऐकत मी तुम्हाला टांगलंय, ते काय हौस म्हणून?" ती म्हणाली. "पिशवी आणि दांडी कुठं पडली? जा, शोधून आणा."

ते गेलेही शोधायला. आणल्यावर त्यांनी ती दांडी टेबलावर ठेवली आणि वाकून आत्याच्या पाया पडले. आत्याने पाय मागे घेतले आणि म्हणाली की टेबलावर माती सांडली.

आता माझं सांगते. मी त्या टेबलाखाली वाढले. दहाव्या वर्षी पदर मोजायला लागले, पंधराव्या वर्षी घडी घालायला, आणि चोविसाव्या वर्षी टँडमचा परवाना मिळवला, म्हणजे पाहुण्याला पुढे बसवून उडायचा. उडायला लागल्यावर मला खोली नकोशी झाली. वर वारा आणि टाळ्या, खाली पडदे ओढलेले आणि एक म्हातारी चिमटे मोजतेय. मला आत्याची लाज वाटायची असं म्हणणार नाही, पण पाहुण्यांसमोर ती खडूने हात पांढरे झालेली बाहेर आली की मी दुसरीकडे बघायचे. हे आज लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात.

मी सव्वीस वर्षांची होते त्या वर्षी बाबांनी अकरा नवीन टँडम हार्नेस मागवले. हंगामाच्या पहिल्या दिवशी समारंभ ठरला होता. पाहुणे बोलावले होते, परवाने देणारे साहेब येणार होते, आणि अकराच्या अकरा विंगा एकापाठोपाठ उडणार होत्या. हार्नेस आले पाच दिवस आधी. आणि त्यातले तीन दिवस हवा अशी दमट की यंत्राचा काटा लाल रेघेपलीकडून हलेना. आत्या टेबल झाकून बसून राहिली. काटा खाली आला तेव्हा हातात दीड दिवस होता. ती एकेका पायलटला बोलवायला लागली. नव्या हार्नेसमध्ये त्याची धाकटी बसवायची, त्याला लटकवायचं, फेकायला लावायचं, मग पुन्हा घडी. आदल्या दिवशी दुपारपर्यंत सहा झाले.

बाबा आले. नाकी नऊ आले होते त्यांच्या, मांडव घालायचा बाकी होता. "ताई, हे असं चाललं तर उद्या संध्याकाळ होईल. राहिलेल्या पाचांच्या घड्या तूच गेल्या महिन्यात घातल्यात. त्या नुसत्या जुन्या खिशातून नव्या खिशात तर ठेवायच्या आहेत."

"खिसा नवा आहे, दांडीची जागा नवी आहे. लटकून फेकल्याशिवाय मी गाठ मारणार नाही. पाच परवा उडतील."

"पाहुण्यांना अकरा सांगितलेत."

"पाहुण्यांना सहा मोजा म्हणावं."

"प्रत्येक वेळी फेकूनच बघायचं असं कुठं लिहिलंय, ताई?" बाबांनी तिचंच हत्यार तिच्यावर उगारलं. आत्याने भिंतीकडे बोटही केलं नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ज्याला गाठ मारायची असेल त्याने मारावी. मी घरी चालले." आणि गेली. माझ्या आठवणीत भर दुपारी ती खोली सोडून घरी गेली असं पहिल्यांदा झालं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला येतं ना सगळं. बसव ते पाच."

मला येत होतं. आणि त्या पाचांत एक हार्नेस माझं होतं. उद्या पहिलं उड्डाण माझं, पुढच्या सीटवर ते परवान्याचे साहेब. मला परवापर्यंत थांबायचं नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि पाचही धाकट्या नव्या खिशांत बसवल्या. प्रत्येकीची दांडी टेबलावर ओढून पाहिली. लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. परत बसवली. मग लक्षात आलं की पायलट अंगठ्याने गाठ चाचपणार, आणि आत्याची गाठ नसेल तर पाचांतला एकही जण पाय उचलणार नाही. मी लाल दोरा घेतला. लहानपणापासून पाहिलेली गाठ ती. पाचही मारल्या. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, बाबांनाही, की आत्याचा राग निवळला, ती मागच्या दाराने येऊन काम पुरं करून गेली. बाबांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला वाटलं, खोटं बोलले ते बरंच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती. खोलीचं मोठं शटर वर केलं की समोरच उतरायचं मैदान, तिथे मांडव. अकरा हार्नेस शटरपाशी ओळीत मांडले होते. आत्या आली. साधी सुती साडी, पायांत कामावरच्या चपला. बाबांनी तिला पाहिलं आणि माईक हातात होता तो तसाच घेऊन सगळ्यांना सांगितलं, "ही माझी थोरली बहीण. अकराच्या अकरा रिझर्व्ह हिच्या हातच्या आहेत. कालपर्यंत खपून तिने आजचा दिवस उभा केला." टाळ्या झाल्या.

आत्या ओळीपाशी गेली आणि वाकून एकेक बघत चालली. सहापर्यंत सरळ गेली. सातव्यापाशी थांबली. आत्या डावखुरी, तिच्या गाठीचं टोक डावीकडे पडतं. माझ्या पाचही गाठींची टोकं उजवीकडे. लहानपणापासून पाहिलेली गाठ म्हणत होते ना मी. पाहिली होती, पण टोक कुठल्या बाजूला पडतं ते कधी बघितलं नव्हतं. तिने पाचही बघितल्या. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. चष्म्यावरून नाही, चष्म्यातून. माझी पाचावर धारण बसली.

एक वाक्य पुरेसं होतं. या गाठी माझ्या नाहीत, एवढं ती म्हणाली असती तर पाचही हार्नेस बाजूला झाले असते, तिचं खरं ठरलं असतं, आणि परवान्याच्या साहेबांसमोर माझा परवाना तिथेच संपला असता. मी ते वाक्य ऐकायला उभी होते.

आत्या म्हणाली, "पाहुण्यांना एक फेकून दाखवू. मी बसते."

मिशीवाले हसले. "आत्या, तुम्ही?"

"का? जड आहे का मी?"

आणि तिने ओळीतून माझं हार्नेस उचललं. साठीला आलेली बाई, साडीवर ते हार्नेस चढवून, पायांतून पट्टे ओढून घेऊन. मिशीवाल्यांनी तिला आकड्याला अडकवलं. पाय जमिनीवरून सुटले. एक चप्पल गळून पडली. पाहुण्यांमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. आत्याने खाली बघून दांडी शोधली, डाव्या हाताने पकडली आणि ओढली.

दोरा तुटला. खिसा उघडला नाही.

तिने पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी. दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या. जितकी ओढावी तितका खिसा जास्त आवळत होता. मला उभ्या उभ्या कळलं. दांडी एका पट्ट्याने आतल्या पिशवीला बांधलेली असते. पिशवीला ती बांधायला तीन फासे असतात. जुन्या हार्नेसला कडेचा फासा चालायचा. नव्यात दांडी पुढे होती, मधला घ्यायला हवा होता. माझ्या हाताने सवयीने कडेचा घेतला होता. पट्टा आखूड पडला, पिना सुटायच्या आधीच पिशवीला ओढ बसत होती, आणि बसणाऱ्याच्या वजनाने खिसा ताणला गेला की ती आतच रुतत होती. टेबलावर वजन नव्हतं, म्हणून टेबलावर निघाली.

हवेत असते तर माझ्यापुढे परवान्याचे साहेब असते, आणि वर मिटलेली थोरली.

मांडवात कुजबुज सुरू झाली. साहेब उठून उभे राहिले. "हे यांनीच पॅक केलंय ना?" त्यांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, वय झालं हो. मिशीवाल्यांची मान खाली गेली होती. बाबा आकड्याखाली गेले आणि अगदी हळू म्हणाले, "ताई, हे असं कसं झालं गं तुझ्या हातून?"

आत्या लटकत होती. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. वीस वर्षं कोणी बोट दाखवू शकलं नव्हतं तिच्या कामाकडे, आणि आता चारचौघांत सगळ्यांची बोटं तिच्याकडेच होती. ती म्हणाली, "सातपासून पुढचे पाचही उतरवा. त्यातलं एकही उडणार नाही." बाकी चकार शब्द नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर मैदानाकडे बघत राहिली, जणू बसची वाट बघतेय.

मला खूप राग आला. तिचाच आला. बोलत का नाही ही? आयुष्यभर एकाचंही ऐकून घेतलं नाहीस, नवऱ्याचं नाही, परीक्षकाचं नाही, सख्ख्या भावाचं नाही, आणि आज माझ्यापायी ऐकून घेतेस? कोणी सांगितलं होतं तुला? कुठं लिहिलंय? आणि तो राग असा वर चढत गेला की तोंडावाटे बाहेर पडला तेव्हा मी ओरडतच होते.

"ती गाठ माझी आहे. पाचही माझ्या. आत्या काल आलीच नव्हती. मी खोटं बोलले."

मी पुढे सगळं सांगितलं, साहेबांकडे बघून. कडेचा फासा, टेबलावर ओढून पाहिलं ते, दोरा, मागच्या दाराचं खोटं. सांगताना थांबले असते तर परत सुरू झाले नसते. बाबांच्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळे डोंगराच्या पायथ्याला गाड्या लावत होते त्यांनाही ऐकू गेलं असणार.

आत्या वरून म्हणाली, "आता कोणी मला खाली उतरवणार आहे का?"

त्या दिवशी सहा उडाले. पाहुण्यांनी सहाच मोजले. साहेबांनी माझा परवाना दोन वर्षांसाठी काढून घेतला, आणि बाबांनाही जे ऐकवायचं ते बाजूला नेऊन ऐकवलं. संध्याकाळी मांडव उतरत असताना बाबा खोलीत आले. आत्या तेरा चिमटे मोजत होती. बाबा म्हणाले, "ताई, चुकलं माझं." ती म्हणाली, "हो." मग ते बाकावर बसले आणि तिने त्यांना चहा करून दिला.

मी दारात उभी होते. आत यायचं धाडस नव्हतं. "तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"मी काय बोलायचं? गाठ कोणाची होती?"

"सगळे तुला नावं ठेवत होते."

"ठेवू दे की. नाव माझं आहे, मी बघून घेईन." मग तिने माझं हार्नेस टेबलावरून माझ्याकडे ढकललं. "घाल ते. मधला फासा घे. लटक आणि फेक."

मी फेकली. टेबलापलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटली.

"परत," आत्या म्हणाली.

दंड भरून येईपर्यंत फेकली त्या दिवशी. दुसऱ्या दिवशीही. मग दोन वर्षं मी त्या खोलीतच होते, आणि दोन वर्षं संपून परवाना हातात आला तरी खोली सोडली नाही. उडतेही, घड्याही घालते. त्या समारंभाला आता आठ वर्षं झाली.

आत्या आता सदुसष्ट वर्षांची आहे. गुडघे गेले, हात थोडा कापतो, म्हणून घडी घालत नाही. घडी बंद केल्याचं तिने स्वतःच जाहीर केलं, कोणी सुचवायच्या आत. पण रोज सकाळी काठी टेकत येते आणि बाकावर बसते. पायलट तिच्याशी गोड बोलतात, तिला माझ्याविरुद्ध फितवू बघतात. ती म्हणते, "मी इथं नुसती बसायला येते, बाबांनो."

नुसती बसत नाही. आठवड्यातून एखादा दिवस ती उठते, तयार हार्नेसच्या ओळीपाशी जाते आणि मनाला येईल ते एक निवडते. मी तासभर खपून केलेलं काम असतं. मी अजून उजवीकडे टोक सोडते, माझी गाठ माझ्यासारखी. ती वाकते, डाव्या अंगठ्याच्या नखाने ती गाठ तोडते आणि मला म्हणते, "फेक."

खडूची ओळ पुसट झाली की मी पुन्हा गिरवते. बाहेर पायलट खोळंबलेले असतात, पाहुणे घड्याळ बघत असतात, बाबा दारातून डोकावून निमूट परत जातात. मी हार्नेस चढवते, आकड्याला लटकते आणि फेकते.